जमीन पाहून झाड

मृगाच्या सरी पडू लागल्या की आपल्याकडे रोपे लावण्याची लगबग सुरू होते. शाळांमध्ये, कचेऱ्यांमध्ये आणि गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत खड्डे खणले जातात, पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात. हा उत्साह स्तुत्यच आहे. तथापि कोणते झाड, कोणत्या जमिनीत आणि उताराच्या कोणत्या अंगाला लावावयाचे, हा प्रश्न त्या दिवशी क्वचितच कोणी विचारतो. २ जुलै २०१७ रोजी मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे शासनाने जाहीर केले होते. लावलेल्या रोपांचा आकडा सर्वतोमुखी झाला. त्यांतील जगली किती, याविषयी मात्र पुढे वाद होत राहिला. रोपाचे जगणे हे लावणाऱ्याच्या उत्साहाइतकेच खालच्या मातीवर आणि वरच्या आभाळावर अवलंबून असते, आणि डोंगराळ मुलखात तर ही दोन्ही शंभर-दोनशे पावलांवर बदलतात.

हा विषय केवळ वनखात्याचा आहे असे वाचकांनी समजू नये. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या अनेक कुटुंबांची कोकणात डोंगरउतारावर थोडीबहुत वडिलोपार्जित जमीन असते. मध्य प्रदेशातील मराठी मंडळींपैकी कित्येकांची शेती बैतुल-मुलताई किंवा सौंसर-पांढुर्णा भागात, म्हणजे सातपुड्याच्या अंगाखांद्यावर आहे. तिच्यात भाताचे वा गव्हाचे पीक धड येत नाही, कसणारे कोणी उरलेले नसते, आणि ‘निवृत्तीनंतर तेथे झाडे लावू’ असा संकल्प घरोघरी ऐकू येतो. या संकल्पात पुष्कळांची आयुष्यभराची शिल्लक गुंतते. चुकीच्या जागी लावलेले झाड पहिल्या वर्षी मरत नाही. ते दहा वर्षे खुरटत राहते आणि तेवढी वर्षे वाया गेल्यावर आपल्याला उमगते. म्हणून हा लेखनप्रपंच.

एका शहरात दोन जमिनी

दूर कशाला, आपले भोपाळच पाहावे. श्यामला आणि अरेरा या टेकड्या विंध्य पर्वताच्या वालुकाश्माच्या आहेत. शहराच्या पश्चिमेस सीहोरच्या वाटेला लागले की माळव्याची काळी जमीन सुरू होते; ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाच्या, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झाली. वालुकाश्म त्याहून कितीतरी पुरातन. त्याची झीज झाली की वाळू उरते. तिच्यात चुन्याचा अंश थोडा, पाणी झरझर खाली उतरते आणि माती आम्लतेकडे झुकते. काळ्या पाषाणापासून चिकणमाती होते. तिच्यात चुना व मॅग्नेशियम भरपूर. पावसात ती फुगते, लोण्यासारखी मऊ होते, आणि वैशाखात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. एकाच शहरात, एकाच पावसाखाली, अशा दोन परस्परविरुद्ध स्वभावांच्या जमिनी नांदत आहेत.

आमच्या शाळेच्या आवारात हा भेद डोळ्यांनी पाहावयास मिळाला. मैदानाची एक कड मुरमाड उताराची आहे, तर दुसरी सखल आणि काळ्या मातीची. एकाच पावसाळ्यात एकाच रोपवाटिकेतून आलेली सागाची रोपे दोन्हीकडे लावली गेली. पाच वर्षांनी उतारावरची झाडे भिंतीच्या वर डोकावू लागली. सखल भागातील रोपांच्या मुळाशी श्रावण-भाद्रपदात पाणी साचे, पाने पिवळी पडत, आणि उन्हाळ्यात जमीन तडकली की कोवळी मुळे तुटत. ती गुडघाभरच राहिली. त्याच सखल कोपऱ्यात कोणीही न लावलेली एक बाभूळ मात्र डौलाने वाढली. काळ्या जमिनीच्या फुगण्या-तडकण्याशी बाभळीने फार पूर्वीच जुळवून घेतले आहे. नर्मदाखोऱ्यातील शेतकरी बांधावर बाभूळ का राखतो, याचे उत्तर मुलांना त्या कोपऱ्यातच मिळाले.

साग आणि साल यांची सीमा

मातीचा हा गुण डोंगरात किती दूरवर परिणाम करतो, हे पाहण्यास सातपुड्यातील पचमढीसारखे ठिकाण नाही. महाशिवरात्रीला विदर्भातील हजारो भाविक खांद्यावर त्रिशूळ घेऊन तेथील चौरागड चढतात. १८१८ साली इंग्रजांच्या कैदेतून निसटलेल्या नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांनी याच महादेवाच्या डोंगरांत आसरा घेतला होता. मराठी मनाला परिचित अशा या डोंगरांत मध्य भारतातील दोन थोर वृक्षांची, साग आणि साल यांची, गाठ पडते. साल म्हणजे आपल्या जुन्या वाङ्मयातील शालवृक्ष.

सालाची अखंड वने पूर्वेकडे, मंडला, दिंडोरी आणि छत्तीसगड या बाजूंना आहेत. पश्चिमेकडे येता येता ती संपतात आणि सागाचे राज्य सुरू होते. परंतु मुख्य सालवनापासून फार दूर, पचमढीच्या वालुकाश्मावर आणि देनवा नदीच्या खोऱ्यात, सालाचे एक एकाकी बेट आहे. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांच्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरील ग्रंथात या बेटाची नोंद आढळते. हे बेट तेथे टिकले याचे मोठे कारण मातीत आहे. सालाला खोल, वाळूमिश्रित, किंचित आम्ल आणि ओलावा धरणारी जमीन मानवते. सागाला निचरा हवा, त्याबरोबरच चुनाही हवा. म्हणून काळ्या पाषाणाच्या उतारावर साग सुखाने वाढतो, आणि जेथे वालुकाश्म व पुरेसा पाऊस एकत्र येतात तेथे सालाला जागा मिळते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सागाला काळ्या पाषाणाची माती आवडते, पण त्याच पाषाणाची सपाटीवरची भारी काळी जमीन आवडत नाही, हे आमच्या शाळेच्या आवारात दिसलेच. मातीचे रासायनिक घटक दोन्हीकडे जवळपास सारखे असतात. फरक उताराचा आणि निचऱ्याचा आहे. सागाच्या मुळांना पाण्याबरोबर हवाही लागते. कोकणातील जांभ्याच्या कातळावर याच्या उलट अडचण येते. तेथे पाणी साचत नाही; परंतु पावसाने चुना धुवून नेलेला असतो आणि मातीची जाडी वीतभरही नसते. तेथेही साग खुरटतो. वनशास्त्रात एखाद्या जागेची प्रतवारी ठरविताना ठरावीक वयाला त्या जागेवरील उंच झाडे किती वाढली, हेच पाहतात. कारण झाडे दाट असोत वा विरळ, त्यांची उंची मुख्यतः जागेच्या कसावर ठरते. उत्तम जागी पन्नास वर्षांचा साग शंभर फुटांच्या आसपास जातो, तर हलक्या जागी तोच त्याच वयात चाळीस-पन्नास फुटांवर अडतो. सागाच्या बागांच्या जाहिरातींत जे भावी उत्पन्न दाखविले जाते ते कोणत्या प्रतीची जागा धरून काढले आहे, हे विचारल्यावाचून त्या आकड्यांना काही अर्थ नाही.

उंची, उतार आणि दिशा

आता आभाळाचा विचार करू. डोंगर चढताना दर हजार मीटरला हवा सरासरी सहा-साडेसहा अंशांनी थंडावते. सुमारे हजार मीटर उंचीवरील पचमढीत उन्हाळा पायथ्याच्या पिपरियापेक्षा सौम्य असतो तो यामुळे. डोंगर ढगांना अडवितो, म्हणून पाऊसही वाढतो. भोपाळला वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पचमढीला दोन हजारांच्या आसपास. पण ढग रिते करणारा डोंगर पलीकडच्या अंगाला कोरडे ठेवतो. सह्याद्रीत याचे उदाहरण पाठ्यपुस्तकात शोभेल असे आहे. महाबळेश्वरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तेथून काही कोसांवर घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वाईला आठशे मिलिमीटरही धड पडत नाही. वर अंजनी, जांभूळ आणि हिरडा यांची सदाहरित राई, खाली बाभळी आणि बोरी.

पाऊस किती पडतो याइतकेच तो कधी पडतो हेही महत्त्वाचे. सालाचे बी ऐन उन्हाळ्याच्या शेवटी पिकते आणि गळाल्यावर जेमतेम आठ-दहा दिवसच जिवंत राहते. त्या दिवसांत पावसाने तोंड दाखविले तर रानात रोपांचा गालिचा होतो. पाऊस लांबला तर त्या वर्षीचे बी वाया जाते. सागाचे फळ याच्या उलट कठीण कवचाचे असते. ते वर्ष-दोन वर्षे मातीत पडून राहूनही रुजू शकते. त्यामुळे लहरी पावसाच्या प्रदेशात सागाला अधिक सवड मिळते.

उताराचे तोंड कोणीकडे आहे, हा तिसरा प्रश्न. भोपाळहून विदिशेस जाताना कर्कवृत्ताची खूण लागते. आपण त्या वृत्ताच्या किंचित दक्षिणेस राहतो, म्हणून उन्हाळ्याच्या ऐन भरातील थोडे दिवस वगळता सूर्य आपल्या दक्षिणेकडूनच फिरतो. दक्षिण आणि पश्चिम दिशांना तोंड असलेले उतार यामुळे अधिक तापतात आणि लवकर कोरडे पडतात. सालई, धावडा, खैर अशी काटक झाडे तेथे तग धरतात. उत्तरेकडे व पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवर ओल टिकते, पालापाचोळा कुजतो, मातीचा थर जाड होतो. तेथे बिवळा, ऐन आणि आंबा चांगले वाढतात. एकाच टेकडीच्या दोन अंगांना दोन निराळ्या ऋतूंचा वास असतो म्हटले तरी चालेल.

याहूनही फसवी गोष्ट थंडीची आहे. डोंगरमाथा थंड आणि दरी उबदार, अशी आपली समजूत असते. पण हिवाळ्यातील निरभ्र रात्री थंड झालेली जड हवा पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि दरीच्या तळाशी साठते. पहाटे तेथे दव गोठते आणि सागाचे वा आंब्याचे कोवळे शेंडे करपतात, तर पन्नास फूट वरच्या उतारावर काहीच झालेले नसते. मंडल्याच्या डोंगरांत कित्येक खोलगट माळांवर केवळ गवत असते आणि सालाचे रोप वर येत नाही, याचे एक कारण हेच गोठणारे दव. दरीच्या तळाची माती सर्वांत खोल व सकस असते हे खरे. पण तेथे रोप लावणाऱ्याने पहिले दोन-तीन हिवाळे पेंढ्याचे आच्छादन करून ते सांभाळले पाहिजे.

पिकांत उभी असलेली झाडे

रानातील झाड आपली जागा आपण शोधते. शेतातील झाडाची जागा माणूस ठरवितो. पिकांच्या जोडीने झाडे राखण्याच्या या पद्धतीला आज आपण वनशेती म्हणतो. नाव नवे असले तरी व्यवहार जुना आहे. सातपुड्यातील गोंड आणि कोरकू शेतकऱ्यांनी रान साफ करताना मोहाला कुऱ्हाड लावली नाही. कोदो-कुटकीच्या शेतांत मोहाची जुनी झाडे अंतराअंतराने उभी असतात. त्यांची मुळे खडकाच्या फटींत खोल जातात, त्यामुळे पिकाशी ओलीसाठी त्यांचे भांडण कमी होते. गळलेला पाला शेतात कुजतो. आणि फाल्गुन-चैत्रात, शेतात काहीच नसते तेव्हा, मोहफूल घरात पैसा आणते. सावलीखालचे पीक थोडे उणे येते हे त्या शेतकऱ्याला ठाऊक असते. पण वर्ष अवर्षणाचे निघाले तर कोदो बुडेल, मोह बुडणार नाही, हा त्याचा हिशेब आहे. हलक्या जमिनीच्या आणि लहरी पावसाच्या डोंगरात हा हिशेब शहाणपणाचा आहे.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्राबागा हे दुसरे उदाहरण. संत्र्याला फुलावर आणण्यासाठी बागाईतदार काही आठवडे पाणी तोडतो. याला ताण देणे म्हणतात. हा ताण नीट बसण्यासाठी जमीन मध्यम खोलीची आणि खाली मुरूम असलेली हवी. फार भारी काळ्या जमिनीत पाणी तोडले तरी ओल हटत नाही, ताण बसत नाही आणि फूल लांबते. शिवाय पावसाळ्यात पाणी साचून झाडाला डिंक्या लागतो. जमिनीत चुनखडी अति झाली तर लोह असूनही झाडाला घेता येत नाही आणि पाने पिवळी पडतात. एका शेतात बहर आणि बांधापलीकडे वठलेली झाडे, असे चित्र या भागात दिसते त्याचे मूळ बहुधा दोन-अडीच फुटांखाली असते.

कोकणात तर माणसाने झाडासाठी जमीनच घडविली. देवगड-रत्नागिरीच्या कातळावर सुरुंग लावून खड्डे फोडले, त्यांत दुरून आणलेली माती भरली आणि हापूस उभा केला. तेथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी कातळाच्या भेगांतून तो निघून जातो. पुढे कोरडा, समुद्राने सौम्य केलेला हिवाळा येतो आणि आंबा मोहरतो. हीच कलमे भोपाळच्या अंगणात लावली तर झाड होते, पण फळाला तो स्वाद चढत नाही, हा अनेक घरांचा अनुभव आहे. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते माती आणि हवा यांचा फळावरील हक्क कायद्याने मान्य करणारेच होते. १९८० नंतरच्या दशकात सुबाभळीचा मोठा गाजावाजा झाला. पण चुनायुक्त जमिनीत झपाट्याने वाढणारी सुबाभूळ आम्ल जमिनीत मात्र रेंगाळते. तेथे बांधावरचे गिरिपुष्प अधिक उपयोगी पडते. त्याचा पाला भातखाचरातील उत्तम खत आहे.

झाडाच्या वहीतील नोंदी

आपल्या वाट्याला आलेल्या पाऊसपाण्याची नोंद झाड स्वतःच्या खोडात करून ठेवते. साग कोरड्या ऋतूत पाने गाळून थांबतो आणि पावसाबरोबर पुन्हा वाढू लागतो. त्यामुळे दरवर्षी त्याच्या खोडात एक स्पष्ट वलय उमटते. पाऊस चांगला झाला की वलय बहुधा रुंद, दुष्काळात अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मध्य भारतातील सागाची वलये मोजून पर्जन्यमापक येण्यापूर्वीच्या काळातील पावसाचा माग काढला आहे. याच संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली दाखवून दिले की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढत गेले, तर मध्यम पावसाचे प्रसंग घटले.

डोंगरउतारावर याचा अर्थ फार गंभीर आहे. संथ पाऊस मातीत मुरतो. धो-धो पाऊस मातीच घेऊन जातो. बोटभर जाडीची माती तयार होण्यास शतके लागतात आणि ती एका रात्रीत ओढ्याला मिळते. मातीचा थर पातळ झाला की तेवढ्याच पावसात झाडाला पूर्वीपेक्षा कमी पाणी मिळते, कारण साठवावयाचे भांडेच लहान झालेले असते. जमीन आणि हवा ही दोन निराळी कारणे आहेत असे आपण सोयीसाठी म्हणतो. उतारावर त्यांची परस्परांशी अशी गाठ बसलेली आहे.

तीन फुटांचा खड्डा

मग ज्याला डोंगरातील जमिनीत झाडे लावावयाची आहेत त्याने काय करावे? साधने आता पुष्कळ आहेत. आपल्या भोपाळातच १९८८ पासून भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे. झाशीला वनशेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे. २०१४ साली राष्ट्रीय वनशेती धोरण जाहीर झाले. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. या पत्रिकेचा लाभ अवश्य घ्यावा. तथापि तिच्यासाठी मातीचा नमुना वरच्या सहाएक इंचांतून घेतला जातो. गव्हाला तेवढे पुरते. झाडाचा संसार त्याच्या बराच खाली चालतो. जमिनीची खोली, उताराचे तोंड आणि दरीतील गारठा यांविषयी ती पत्रिका मौन पाळते.

म्हणून झाडे लावण्यापूर्वी उन्हाळ्यात शेताच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागात तीन-तीन फुटांचे खड्डे खणावेत. मातीचा थर कोठे संपतो, मुरूम कोठे लागतो आणि खडक फुटका आहे की अखंड, ते पाहावे. खड्ड्यात पाणी भरावे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तसेच उभे असेल तर साग, आंबा आणि संत्रे यांचा विचार तेथे सोडून द्यावा. तळाच्या मातीवर शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसले सौम्य आम्ल, तेही जाणत्याच्या देखरेखीखाली, टाकून पाहावे. ते फसफसले तर चुनखडी आहे असे समजावे. एक हिवाळा आणि एक पावसाळा नुसते निरीक्षण करावे: दव कोठे गोठते आणि पाणी कोठून वाहते. आसपासच्या जुन्या झाडांची नावे लिहून घ्यावीत, कारण ती त्या जागेची सर्वांत जुनी साक्षीदार आहेत. आणि शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याला विचारावे; त्याला शास्त्रीय संज्ञा येत नसतील, पण कोणत्या तुकड्यात काय जगते हे त्याला नेमके ठाऊक असते.

त्यानंतर माथ्यावर काटक झाडे व गवत, मधल्या उतारावर समतल चर खणून फळझाडे, पायथ्याशी खोल मातीत पिके आणि बांधावर पाल्याची झाडे, अशी वाटणी करावी. हीच वाटणी प्रत्येक डोंगराला लागू पडेल असे नाही. पण उताराचा क्रम पाहून वाटणी करण्याची रीत सर्वत्र उपयोगी आहे. एकाच जातीची हजार रोपे एका दरात मिळतात म्हणून सर्व उतारावर लावणे स्वस्त वाटते. दहा वर्षांनी तेच सर्वांत महाग ठरते.

आमच्या पाहण्यातील कित्येक मराठी कुटुंबांत गावाकडील जमीन ही केवळ सातबाऱ्यावरील एक ओळ होऊन राहिली आहे. पुढची पिढी ती विकण्याच्या विचारात आहे, कारण ‘तेथे काही येत नाही’ असे वडीलधाऱ्यांच्या तोंडून तिने ऐकलेले असते. जमीन विकावयाची की राखावयाची, हा ज्याच्या त्याच्या परिस्थितीचा प्रश्न आहे. पण तेथे काही येत नाही असे ठरविण्यापूर्वी येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन गावी जावे आणि ते तीन खड्डे खणून पाहावेत. नाचणीला नकार देणाऱ्या उताराने काजूला, आवळ्याला किंवा मोहाला होकार दिल्याची उदाहरणे सह्याद्रीत आणि सातपुड्यात वाटेल तितकी सापडतील.